आरतीला हो, पत्रिकेला नाही

वाचकाचं पत्र

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. देवावर माझा विश्वास नाही. सासरी मात्र दीड दिवसाचा गणपती असतो. मोदक मीच वळते, आरतीला झांजा घेऊन उभीही राहते. आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं. यंदा माघी गणपतीला सोसायटीच्या आवारात मंडप घातला होता आणि रोज रात्री साडेअकरापर्यंत स्पीकर चालायचा. मुलगी दहावीला, तिची प्रिलिम सुरू. ‘दहानंतर आवाज बंद ठेवूया का?’ एवढंच मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. कमिटीतल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं, ‘ज्यांना देवच मान्य नाही त्यांनी आम्हाला नीती शिकवू नये.’ त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग मीही चिडून, नास्तिक माणूस नीतिमान असू शकतो यावर लांबलचक लिहिलं. त्यावर कोणी काहीच बोललं नाही. खासगीत मात्र दोघीतिघींनी ‘बरं केलंत’ म्हणून कळवलं.

मुलीने हे सगळं वाचलं. सकाळी डबा भरत होते तेव्हा म्हणाली, ‘आई, तू मानत नाहीस तर आरतीला का उभी राहतेस? आणि देव नसेल तर चांगलं वागायचंच कशाला?’ मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्यातच सासूबाईंनी तिची पत्रिका एका गुरुजींना दाखवून आणली. ‘सायन्सला यश नाही, कॉमर्सला घाला,’ असं निघालं. मुलीला गणित मनापासून आवडतं. नवरा म्हणतो, अकरावीच्या फॉर्मला वेळ आहे, आत्तापासून वाद कशाला? मी दांभिक आहे का? मुलीला काय सांगू? आणि स्पीकरचा विषय सोडून द्यावा का?

एक आई, ठाणे

उत्तर

ताई,

स्पीकरपेक्षा त्या गृहस्थांच्या एका वाक्याने तुमची झोप जास्त उडवलेली दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुम्ही विचारलंत आवाजाबद्दल, त्यांनी उत्तर दिलं देवाबद्दल. आणि मग तुम्हीही देवाबद्दलच लिहीत बसलात. स्पीकर राहिला बाजूला. उत्तर नसलं की विषय बदलायचा, ही युक्ती ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत चालते, सोसायटीची कमिटी तरी मागे का राहील? समजा, तुमच्या जागी दर सोमवारी न चुकता कोपिनेश्वराला जाणाऱ्या एखाद्या आजी असत्या आणि त्यांनी तेच लिहिलं असतं, तर त्यांना काय उत्तर मिळालं असतं? ‘आजी, तुम्ही कापूस घाला कानात.’ पण नीतीचा विषय निघाला नसता. म्हणजे ते वाक्य तुमच्या मुद्द्याला उत्तर नव्हतंच, तुम्हाला गप्प करायला ते हाताशी सापडलं होतं, इतकंच.

तुम्ही फिजिक्सच्या, तुम्हाला पुढचं सांगायला नको. इतर वाचकांसाठी लिहिते. ध्वनिप्रदूषणाचे केंद्र सरकारचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळचे सहा, आणि तेवढ्या वेळात उघड्यावरचा लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सूट घड्याळाची आहे, आवाजाची नाही. शिवाय डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नसतं. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, तेव्हा ५५ च्या जागी ८५ म्हणजे हजारपट. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांहून जास्त थांबू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणारी पोरं तिथे दोन-दोन तास असतात. त्यांच्या कानांची काळजी मला तुमच्या लेकीच्या प्रिलिमइतकीच वाटते, पण त्यांच्या वतीने ग्रुपवर कोणी लिहीत नाही.

याच ठाण्यातले डॉ. महेश बेडेकर या प्रश्नावर न्यायालयात गेले. रस्त्यावरचे मंडप आणि आवाज यांबद्दलच्या त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. लाऊडस्पीकर लावणं हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क होऊ शकत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. त्याआधी २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या स्पीकरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांनी मशिदींच्या भोंग्यांविरुद्ध केलेल्या याचिकेतही उच्च न्यायालयाने तेच सांगितलं. मंडप, चर्च, मशीद, तिन्हींना एकच माप. आणि यातल्या कुठल्याही प्रकरणात न्यायालयाने तक्रारदाराला ‘तुम्ही देव मानता का?’ असं विचारलं नाही, विचारायचं कारणच नव्हतं. घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्मस्वातंत्र्य दिलं, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवून. त्या कलमात हे तीन शब्द आधी येतात, धर्माचा हक्क नंतर. कमिटीतल्या गृहस्थांना कोणीतरी हे दाखवायला हवं, पण ग्रुपवर नको.

आता मुलीचा प्रश्न. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला तोच सगळ्यांत आवडला, आणि तिने तो डबा भरायच्या घाईत विचारला याचंही कौतुक वाटलं. मोठे प्रश्न मुलं अशाच वेळी विचारतात, म्हणजे आईला व्याख्यान द्यायला सवड नसते.

तिला आधी पंढरपूरची गोष्ट सांगा. मे १९४७ मध्ये साने गुरुजी तिथे उपोषणाला बसले होते. मागणी एकच, विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं करा. गुरुजींची विठ्ठलावर श्रद्धा होती. दार अडवणाऱ्यांचीही होती, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. देव एक, अभंग तेच, चंद्रभागाही तीच. मग एकाला दार उघडावंसं वाटलं आणि दुसऱ्याला ते बंदच राहावं असं वाटलं, हे कुठून आलं? विठ्ठलाकडून येतं तर दोघांना सारखंच आलं असतं. माणूस आत काहीतरी आधी ठरवतो आणि मग देवाचा हवाला देतो, असंच मला त्यावरून वाटतं. गुरुजींनी जे आत ठरवलं होतं ते मोठं होतं, म्हणून त्यांचा विठ्ठलही मोठा झाला. देऊळ शेवटी उघडलं. आज वारीत कोणी कोणाची जात बघत नाही, असं लिहायचा मोह होतोय, पण तेवढी खोटी साखर मी पेरणार नाही.

मग तिला उलट टोकाचा माणूस दाखवा. र. धों. कर्वे. पक्के नास्तिक, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी नोकरी घालवली. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक पदरमोड करून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि तरी निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. त्या काळच्या शिकल्यासवरल्या लोकांनाही हा माणूस समाजाची नीती बिघडवतोय असंच वाटत होतं. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कर्वे हयात होते. आपल्या पणज्यांची आठ-आठ, नऊ-नऊ बाळंतपणं झाली, त्यांतली निम्मी मुलं हाती लागली नाहीत, कधी बाईच गेली. त्या बायकांसाठी खरा कळवळा कोणाला होता? नीतीच्या नावाने खटले भरणाऱ्यांना की कर्व्यांना? कर्व्यांना स्वर्गाची आशा नव्हती, नरकाची भीती नव्हती, आणि पैसा तर नव्हताच.

पण इथेच थांबलात तर मुलगी विज्ञानालाच नवा देव करून टाकेल. फिजिक्सच्या बाईंच्या घरात ती भीती जास्त, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच जोरात सांगा.

२१ सप्टेंबर १९९५ ची गोष्ट. गणपती दूध पितो, अशी बातमी सकाळी दिल्लीकडून आली आणि दुपारपर्यंत ठाण्यातल्या देवळांसमोर रांगा लागल्या. मी नौपाड्यात राहते. आमच्या गल्लीतल्या छोट्या देवळात मीही गेले, वाटी-चमचा घेऊन नाही, नुसतं बघायला. पुढच्या बाईंनी काठोकाठ भरलेला स्टीलचा चमचा जरासा तिरका करून सोंडेला टेकवला. दूध कडेवरून ओढल्यासारखं गेलं, आणि सोंडेवरून पोटावर, पोटावरून मांडीवर एक पातळ ओघळ उतरला. मूर्ती सकाळपासून ओलीच होती, त्यामुळे तो पटकन नजरेत भरत नव्हता. पायाशी पुजाऱ्यांनी पंचा अंथरला होता आणि थोड्या थोड्या वेळाने ते तो बादलीत पिळत होते. बादली अर्धी भरली होती आणि ती सगळ्यांसमोर होती. तरी बाई मागे वळून म्हणाल्या, ‘प्यायला!’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी अगदी खरं होतं.

पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि ओल्या दगडावर पातळ थराने पसरत खाली उतरतं, हे शास्त्रज्ञांनी लगेच सांगितलं. दिल्लीत तर दुधात रंग घालून तो ओघळ दाखवलाही. म्हणजे दूध कुठे गेलं हे विज्ञानाने चोख सांगितलं. ते कुठे जायला हवं होतं, हे सांगणं मात्र त्याच्या हातात नव्हतं. त्या संध्याकाळी आमच्याकडे दुधाची पिशवी कुठे मिळेना. शेजारणीचं बाळ तान्हं होतं. आमच्या डेअरीवाल्याने लहान मुलं असलेल्या घरांसाठी काही पिशव्या आतल्या फ्रीजमध्ये दडवून ठेवल्या होत्या. दुकानात रांग लावून भांडणाऱ्यांना ‘संपलं’ म्हणून सांगायचा आणि शेजारणीला मागच्या दाराने पिशवी द्यायचा. त्याच्या गल्ल्यावर गणपतीची तसबीर होती, ताजा हार घातलेली. पृष्ठताण त्याला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

याहून कडू उदाहरण द्यायचं तर सोनोग्राफीचं. मुलगी सोळाची आहे, तिला हे कळायला हरकत नाही. यंत्र विज्ञानाचं, ते चालवणारा डॉक्टर वरच्या पदव्या मिळवलेला, आणि त्याच यंत्रावर पोटातल्या मुली हेरून मारल्या गेल्या. वंशाला दिवा हवा, पिंड द्यायला मुलगा हवा, ही मागणी परंपरेची, आणि ती झटपट पुरवायची सोय केली विज्ञानाने. श्रद्धा आणि विज्ञान यांचं जमत नाही म्हणतात, इथे तर त्यांनी सुखाने संसार केला. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकात यावर रान उठवलं, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सगळ्यांत आधी याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा आला तो १९९४ मध्ये. तरीसुद्धा २००१ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. दरम्यान शिक्षण वाढलं होतं, दवाखाने वाढले होते, आणि देवळांतली गर्दीही काही कमी झाली नव्हती.

मग चांगलं वागायचं कशाला? माझ्यापाशी याचं उत्तर आहे ते फार साधं आहे. आपल्या वागण्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो, आणि तो भार कसा लागतो ते आपल्याला स्वतःच्या अंगावरून कळतं. हे कळायला देव लागत नाही. देव असला तरी हे कळावंच लागतं, नाहीतर माणूस बंद दारामागून विठ्ठलाचं नाव घेत बसतो. देवाच्या भीतीने किंवा प्रेमाने कोणी सरळ वागत असेल तर त्याचा तो आधार मी काढून घ्यायला जाणार नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी नवऱ्याची दारू, मुलाचं जाणं, असली दुःखं त्याच आधारावर काढली. विज्ञानाने त्यांच्यासाठी तेव्हा काही केलं नव्हतं, आणि शेजाऱ्यांनीही नाही. मात्र जो केवळ वरून कोणी बघतंय म्हणून चोरी करत नाही, त्याच्याजवळ लोकलमध्ये पर्स ठेवून मी झोपणार नाही. एवढ्याने तुमच्या लेकीचं समाधान होणार नाही. ती म्हणेल, ‘पण दुसऱ्याला लागलं तर मला काय?’ म्हणू दे. आईशी भांडता भांडता ती काही वर्षांत स्वतःचं उत्तर शोधेल, आणि ते माझ्यापेक्षा बरं असण्याची शक्यता आहे.

आरतीबद्दल तुम्ही उगाच स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. दांभिक तो, जो नसलेली श्रद्धा दाखवून काहीतरी पदरात पाडून घेतो: मतं, वर्गणी, मोठेपणा. तुमच्या पदरात काय पडतं? प्रसादाचा मोदक, तोही तुम्हीच वळलेला. दीड दिवस घर भरतं, जावा-नणंदा जमतात, चुलत भावंडं एकमेकांच्या अंगावर पडत आरत्या म्हणतात आणि मधल्या कडव्याला सगळेच पुटपुटतात. त्या घोळक्यात उभं राहायला श्रद्धेचा दाखला कोणी मागत नाही. मी स्वतः रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावते. त्यात श्रद्धा किती, सवय किती आणि आईची आठवण किती, याचा हिशेब मांडायला मी कधी बसले नाही. मुलीला सरळ सांगा, ‘मी देव मानत नाही, पण तुझ्या आजीचा आनंद मानते.’ सासूबाईंनाही हे एव्हाना ठाऊक असणार. एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढल्यावर अशा गोष्टी लपत नसतात. मुलीला स्वतःला उभं राहायचं नसेल तर तिला बसू द्या, तेवढी मोकळीक मात्र हवी.

पत्रिकेचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे ‘वाद कशाला’ म्हणून गप्प बसणं मला मुळीच पटत नाही. तुम्ही आरतीला उभ्या राहिलात म्हणून कोणाचं काही अडत नाही. या पत्रिकेची किंमत मात्र मोजायची आहे ती मुलीने, आणि तिला कोणी विचारलेलंही नाही.

पत्रिकेतून बुद्धी दिसते का, हे आपल्याकडे तपासून झालेलं आहे, आणि तेही महाराष्ट्रातच. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी हा प्रयोग केला. शंभर पत्रिका अतिशय हुशार मुलांच्या घेतल्या, शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. त्या मिसळून ज्योतिषांना आवाहन केलं: कोणती पत्रिका कोणत्या गटातली, तेवढं ओळखून दाखवा. ५१ ज्योतिषी पुढे आले, प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या. २७ जणांनी उत्तरं परत पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण आलं ४६ टक्के. नुसतं नाणं उडवून छापा-काटा केला असता तरी ५० च्या आसपास आलं असतं. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे सगळं छापून आलं. आता तुम्हीच बघा, मूल कुशाग्र आहे की त्याला शिकायलाच अडचण आहे, इतकी ढोबळ गोष्ट जिथे दिसत नाही, तिथे सायन्स की कॉमर्स ही बारीक निवड गुरुजींना कशी दिसली?

त्या चौघांतले दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला निघाले असताना गोळ्या घालून मारले गेले. ज्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो जादूटोणाविरोधी अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ज्या कायद्याला धर्मविरोधी म्हणून वर्षानुवर्षं ओरड झाली, त्यात वारी, कीर्तन, घरची पूजा यांना हातही लावलेला नाही. इतकंच काय, ज्योतिषाने दिलेला सल्लाही गुन्हा नाही. तो कायदा आहे नरबळी, अघोरी उपचार, चमत्काराच्या नावाखाली लुबाडणूक असल्या गोष्टींसाठी. तेव्हा गुरुजींवर डाफरायला जाऊ नका. सासूबाईंवर तर नाहीच. नातीची पत्रिका घेऊन जाणारी आजी बहुधा काळजीपोटी जाते: क्लासची फी, रात्रीची जागरणं, सायन्सला घालून पोर खचली तर? ती काळजी खोटी नाही, औषध तेवढं चुकीचं आहे. तिच्याशी त्या काळजीबद्दल बोला, शनी-मंगळाबद्दल नको.

आणि बोलायचं कोणी, तर तुमच्या यजमानांनी. त्यांची आई, त्यांची लेक, आणि ‘आत्ता कशाला’ म्हणणारेही तेच. सून बोलली की ते ‘नास्तिक सुनेचं’ होतं, मुलगा बोलला की ते घरातलं बोलणं राहतं. त्यांना सांगा, अकरावीचा अर्ज ऑनलाइन असतो, शाखा निवडावीच लागते, आणि घरात कोणी काही ठरवलं नसेल तर तो अर्ज पत्रिका भरेल. मुलगी आपल्या पायांनी कॉमर्सला गेली तर पेढे वाटा, गणित तिथेही आहे.

राहिला स्पीकर. सोडू नका, पण वाट बदला. श्रद्धाळू माणसं ऐकत नाहीत, असं तुमच्या पत्रात ओळींमधून वाचायला मिळालं, ते मला मान्य नाही. ठाण्यात गणपतीसाठी कृत्रिम तलाव सुरू झाले तेव्हा ‘बाप्पाला काय हौदात बुडवायचं?’ म्हणून नाकं मुरडलेली मी ऐकली आहेत. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, रंग तळ्यात उतरतात, मासे मरतात, हे लोकांना हळूहळू दिसलं. आता मासुंदा तलावाकाठी आणि उपवनला त्याच हौदांपाशी लोक पाट डोक्यावर घेऊन रांगेत उभे असतात, आणि ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणताना आवाज तेवढाच भरून येतो. हा बदल नास्तिकांनी एकट्याने केलेला नाही. आरत्या म्हणणाऱ्यांनीच तो स्वीकारला.

तर असं करा. ग्रुपवर एक अक्षर लिहू नका, तिथे माणसं दुसऱ्यांनी बघावं म्हणून बोलतात. मंडपाची वर्गणी भरा, ती अडवून धरू नका. कागदावर, सेक्रेटरीच्या नावाने, छोटा अर्ज लिहा. त्यात देव, नास्तिकता, नीती यातला एकही शब्द नको. एवढंच विचारा: लाऊडस्पीकरची पोलीस परवानगी कोणाच्या नावाने आणि किती वाजेपर्यंतची होती, त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावावी. पुढच्या उत्सवापासून स्पीकर साडेनऊला बंद व्हावा, त्यांची तोंडं इमारतींकडे न ठेवता मंडपाच्या आत असावीत, आणि शेवटची आरती नुसत्या टाळ-झांजांवर व्हावी. कार्यक्रमपत्रिका ठरवताना सोसायटीतल्या दहावी-बारावीच्या मुलांच्या परीक्षांच्या तारखा विचारात घ्याव्यात. खाली सह्या घ्या. पहिल्या सह्या त्या दोघीतिघींच्या, ज्यांनी खासगीत ‘बरं केलंत’ म्हटलं. चोरून दिलेला पाठिंबा उघडा करायची एक संधी त्यांनाही मिळू दे. जमलं तर एखाद्या सोमवार करणाऱ्या आजींचीही सही घ्या, आवाजाचा त्रास त्यांना तुमच्यापेक्षा जास्त होत असणार.

त्याने काम झालं नाही आणि पुन्हा रात्री अकराला खिडक्या थरथरू लागल्या, तर ११२ ला फोन करा. तक्रारदाराचं नाव उघड करू नका, असं उच्च न्यायालयाने २०२५ च्या त्याच निकालात पोलिसांना बजावलं आहे. पण ही पाळी बहुधा येणार नाही. लेखी कागद फाइलला लागला की कमिट्या सावध होतात. भाद्रपदाला अजून अवकाश आहे. अर्ज पुढच्या कमिटी मीटिंगच्या आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.